समुद्राच्या ऋतूंची नोंदवही : सर विल्यम हर्डमन

१८९१ च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या उत्तर टोकाशी, नॉर्थ केपजवळच्या समुद्रात, एका नौकेमागे बारीक रेशमी जाळे सोडलेले होते. ते वर ओढले तेव्हा त्याच्या तळाशी लालसर लगदा साचलेला दिसला. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा असंख्य जिवांचा तो लगदा. नौकेवरील तरुण प्राध्यापकांनी त्यातला काही भाग नमुना म्हणून राखून ठेवला आणि उरलेला उकळत्या पाण्यात टाकून शिजवला. पाव-लोण्याबरोबर तो चवीने खाल्ला गेला. चव कोळंबीच्या वळणाची निघाली. या भोजनाची हकीकत त्यांनी पुढे ‘नेचर’ या नियतकालिकात रीतसर प्रसिद्ध केली. जवळ्याची किसमूर पानात वाढून घेणाऱ्या गोमंतकीयाला त्यात नवल वाटणार नाही. पण व्हिक्टोरियाकालीन विद्वानांच्या जगात हा प्रकार विलक्षणच होता.

हे प्राध्यापक म्हणजे विल्यम ॲबट हर्डमन. समुद्रात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म जिवांना, म्हणजे प्लवकांना, त्यांनी आयुष्याची उत्तरार्धातली सर्वांत मोलाची वर्षे दिली. समुद्रालाही ऋतू असतात, त्याच्या पोटातही पेरणी, सुगी आणि पडीक काळ असतो, ही गोष्ट त्यांच्या आधीच्या संशोधकांना ठाऊक नव्हती असे नाही. मात्र एकाच समुद्राच्या एकाच भागात, वर्षानुवर्षे, ठरलेल्या रीतीने त्या ऋतूंची नोंद ठेवणारे फार थोडे होते. हर्डमन यांनी ती पंधरा वर्षे ठेवली.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८५८ रोजी एडिंबरा येथे झाला. वडील रॉबर्ट हर्डमन हे स्कॉटलंडमधील नामवंत चित्रकार. रेषेची आणि बारीक निरीक्षणाची देणगी मुलाकडे घरातूनच आली असावी. एडिंबरा विद्यापीठातून १८७९ मध्ये ते पदवीधर झाले, तेव्हा त्या शहरात समुद्रविज्ञानाचे मोठे पर्व सुरू होते. १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या महासागरांची पाहणी करून ‘चॅलेंजर’ हे जहाज परतले होते आणि त्याने आणलेल्या नमुन्यांच्या बरण्या एडिंबरा येथे उघडल्या जात होत्या. मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख सर वायव्हिल थॉमसन यांनी हर्डमन यांना हाताशी घेतले. खडकांना चिकटून राहणाऱ्या, पिशवीसारख्या दिसणाऱ्या ट्युनिकेट प्राण्यांचे नमुने त्यांच्या वाट्याला आले. त्या प्राण्यांवरचा त्यांचा विस्तृत अहवाल १८८० च्या दशकात तीन भागांत निघाला आणि दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

तत्पूर्वीच, १८८१ मध्ये, लिव्हरपूलच्या नव्या युनिव्हर्सिटी कॉलेजात निसर्गेतिहासाचे पहिले डर्बी प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. वय अवघे तेवीस. लिव्हरपूल हे बंदराचे, जहाजांचे, कापसाचे आणि पैशाचे शहर. समुद्रावर जगणाऱ्या या शहराला समुद्राच्या विद्येसाठी खिसा उघडायला लावणे हे काम हर्डमन यांनी मोठ्या खुबीने केले. १८८५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लिव्हरपूल सागरी जीवशास्त्र समिती स्थापन झाली. दोन वर्षांनी अँगलसी बेटाजवळच्या पफिन बेटावर, संदेशवहनासाठी बांधलेल्या आणि नंतर ओस पडलेल्या एका इमारतीत, समितीचे पहिले केंद्र उघडले. जागा रम्य पण गैरसोयीची होती. १८९२ मध्ये आयल ऑफ मॅनच्या नैर्ऋत्य टोकाशी असलेल्या पोर्ट एरिन या गावी नवे केंद्र उभे राहिले आणि १९०२ मध्ये तेथेच मोठी इमारत झाली. तिच्यात प्रयोगशाळा होती, लोकांसाठी मत्स्यालय होते आणि प्लेस नावाच्या चपट्या माशाची, आपल्याकडच्या लेप्याच्या दूरच्या नातलगाची, अंडी उबवण्याची सोयही होती.

हर्डमन यांच्या स्वभावातला एक विशेष येथे सांगितला पाहिजे. शुद्ध शास्त्र आणि पोटापाण्याचा व्यवहार यांच्यामध्ये त्यांनी कधी भिंत मानली नाही. लँकेशायरच्या मत्स्यव्यवसायासाठी चालणाऱ्या शास्त्रीय कामाचे ते मानद संचालक होते. सांडपाण्याजवळ वाढलेल्या कालवांतून रोग पसरतात का, याचा शोध त्यांनी रुबर्ट बॉइस यांच्यासह घेतला आणि १८९९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

हीच वृत्ती त्यांना हिंदी महासागरात घेऊन आली. सिलोनच्या पश्चिमेला मन्नारच्या आखातातील मोत्यांच्या शिंपल्यांचे पट्टे १८९१ नंतर वर्षानुवर्षे रिकामे पडले होते. त्याचे कारण शोधण्यासाठी १९०२ च्या आरंभी हर्डमन तेथे गेले. बरोबर सहायक म्हणून जेम्स हॉर्नेल होते. या पाहणीचा अहवाल रॉयल सोसायटीने १९०३ ते १९०६ या काळात पाच भागांत छापला. तळावरच्या जीवसृष्टीचा एवढा तपशीलवार अभ्यास त्या भागात आधी झाला नव्हता. परंतु मोती एका परोपजीवी कृमीच्या अळीभोवती तयार होतो, या उपपत्तीवर हर्डमन यांनी दिलेला भर पुढे टिकला नाही. पट्टे १९०३ पासून पुन्हा भरले, अमाप शिंपले निघाले, त्या भरवशावर १९०६ मध्ये एका कंपनीने हा व्यवसाय वीस वर्षांच्या खंडाने घेतला आणि लगेच पट्टे पुन्हा ओस पडून ती बुडाली. एका चांगल्या वर्षावरून समुद्राची परीक्षा करू नये, हा धडा याहून महाग मिळणे कठीण. हॉर्नेल मात्र इकडेच रमले. बडोदे सरकारसाठी त्यांनी ओखामंडळच्या किनाऱ्याची पाहणी केली. तिचे अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे संचालक झाले. सयाजीराव महाराजांच्या राज्यातील सागरी जीवांची ही शास्त्रीय यादी अशी पोर्ट एरिनच्या शाळेतूनच आली.

आता मुख्य कामाकडे वळू. त्यासाठी थोडे मागे, जर्मनीतील कील या बंदराकडे जावे लागते. तेथील व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ मध्ये पाण्याबरोबर वाहणाऱ्या जिवांसाठी ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ केला. ग्रीक धातूपासून घडवलेल्या या शब्दाचा अर्थ भटकणारे. हेन्सन यांचा विश्वास असा होता की खुल्या समुद्रात हे जीव बऱ्यापैकी सारखे पसरलेले असतात. त्यामुळे ठरावीक मापाचे जाळे ठरावीक खोलीतून ओढून त्यातले जीव मोजले, की शेतातल्या पिकाचा अंदाज बांधावा तसा समुद्राच्या उत्पन्नाचा अंदाज बांधता येईल. १८८९ मध्ये ते ‘नॅशनल’ या जहाजातून अटलांटिकवर गेले आणि आपले म्हणणे सिद्ध झाल्याचे त्यांनी सांगितले. एर्न्स्ट हेकेल यांनी त्यावर कडाडून टीका केली. त्यांच्या मते प्लवक थव्यांनी, पट्ट्यांनी राहतात. त्यामुळे असली मोजदाद म्हणजे व्यर्थ खटाटोप.

हर्डमन यांनी या वादात बाजू घेण्याआधी जाळे टाकून पाहिले. १८९७ मध्ये एका परिषदेसाठी कॅनडाला जाताना त्यांनी जहाजावर पंपाने घेतले जाणारे समुद्राचे पाणी रेशमी कापडातून सतत गाळून घेतले आणि अटलांटिक ओलांडेपर्यंतच्या प्लवकांचा नमुना गोळा केला. पोर्ट एरिनला एकाच ठिकाणी, एकामागून एक किंवा एकाच वेळी, सारखी जाळी ओढून त्यांनी ती ताडून पाहिली. शेजारशेजारच्या दोन जाळ्यांत आलेले जीव संख्येने पुष्कळ वेगळे निघत. म्हणजे हेन्सन यांचा समान पसाऱ्याचा सिद्धान्त किनाऱ्याच्या समुद्राला तरी लागू नव्हता. पण हर्डमन यांनी त्यावरून मोजणे सोडून दिले नाही. एक जाळे फसवते, तर आठवड्यात सहा टाकावीत; एक वर्ष फसवते, तर अनेक वर्षे टाकावीत, असा त्यांनी अर्थ लावला. सगळ्या कामाचे मर्म या निर्णयात आहे.

१९०७ मध्ये या सखोल अभ्यासाला प्रारंभ झाला. उपसागरातून आठवड्यामागून आठवडे जाळी ओढली जाऊ लागली. सुटीच्या दिवसांत हर्डमन स्वतः ‘लेडीबर्ड’ या आपल्या वाफेच्या नौकेतून बाहेरच्या समुद्रात जात. पुढे तिची जागा ‘रुना’ या नौकेने घेतली. नमुने फॉर्मॅलिनमध्ये राखून मोजणीला जात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखून मोजण्याचे हे डोळे शिणवणारे काम मुख्यत्वे अँड्र्यू स्कॉट यांनी केले. नाव हर्डमन यांचे झाले, तरी स्कॉट यांच्या चिकाटीवाचून ही नोंदवही कोरीच राहिली असती.

त्या नोंदींतून समुद्राचे जे वर्ष उभे राहिले ते असे. हिवाळ्यात आयरिश समुद्र जवळजवळ रिकामा असतो. वादळे पाणी तळापासून घुसळतात, तळाकडचे नायट्रेट आणि फॉस्फेट वर येतात. खत पडून असते, पण ऊन नसते. फेब्रुवारी-मार्चपासून दिवस मोठा होऊ लागतो. सिलिकेच्या नाजूक डबीत राहणाऱ्या डायाटम या एकपेशीय वनस्पती जाग्या होतात. आधी कॉस्किनोडिस्कस, बिडल्फिया असे मोठे प्रकार दिसतात. मग एप्रिल-मेच्या सुमारास कीटोसेरॉस, थॅलॅसिओसिरा यांचा पूर येतो. जाळे वर आले की त्याला तपकिरी शेवाळी साय धरलेली असते. उन्हाळा लागताना ऱ्हायझोसोलेनियाची पाळी येते. पाण्यातले खत संपत आले, वरचा थर तापून खालच्या थरापासून वेगळा झाला, की डायाटम पाहता पाहता ओसरतात. त्यांच्या मागोमाग डायनोफ्लॅजेलेट येतात. त्यानंतर हे सारे चरून वाढलेल्या कोपेपोड प्राण्यांचे राज्य सुरू होते. त्यांतलाच कॅलॅनस नॉर्थ केपला शिजला होता. शरद ऋतूत वारे पुन्हा पाणी ढवळतात, डायाटमांचा दुसरा, लहान बहर येतो आणि मग परत हिवाळा.

आपल्या किनाऱ्याचे वेळापत्रक निराळे. येथे उन्हाचा तुटवडा नाही. अडते ते खतापाशी. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचे थंड, सकस पाणी वर येते, नद्या गाळ आणि क्षार आणून ओततात आणि अरबी समुद्राच्या या काठाची सुगी पावसाळ्याभोवती फिरते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत मांडवी-जुवारीच्या प्लवकांचा अभ्यास होतो. त्यालाही विचारायचा प्रश्न हर्डमन यांचाच असतो : या वर्षी बहर कधी आला, आणि तो कोणाच्या उपयोगी पडला?

कारण हर्डमन यांच्या नोंदींत सर्वांत बोलकी गोष्ट ऋतूंचा क्रम ही नव्हती. क्रम दर वर्षी तोच राही, पण तारखा हलत. एखाद्या वर्षी वसंताचा बहर लवकर येई, एखाद्या वर्षी कित्येक आठवडे रेंगाळे. इकडे प्लेस आणि कॉड यांची पिले अंड्यांतून बाहेर येण्याचा काळ हिवाळ्याच्या अखेरीचा आणि वसंताच्या तोंडाचा. पोटाशी असलेल्या पिवळ्या बलकाची शिदोरी संपली की त्या पिलाला पहिला घास बाहेरच मिळवावा लागतो. त्या दिवसांत प्लवक तयार असले तर पिढी जगेल. बहर उशिरा आला तर लक्षावधी पिले उपाशी मरतील आणि त्याची झळ काही वर्षांनी कोळ्याच्या जाळ्याला लागेल. नॉर्वेचे योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये हाच विचार ठामपणे मांडला होता. हर्डमन यांच्यापाशी तो ताडून पाहण्यासारखे आकडे होते. बहुतेक वर्षी पिलांना अन्न वेळेवर मिळत असावे, क्वचित एखाद्या वर्षी चुकामूक होत असावी, एवढेच त्यांनी जपून सुचवले. ज्यांनी स्वतः पोर्ट एरिनला प्लेसची कोट्यवधी पिले उबवून समुद्रात सोडली होती, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न कागदावरचा नव्हता.

या काळात एक नवा पाहुणाही जाळ्यात सापडला. बिडल्फिया सायनेन्सिस हा चीनच्या समुद्रावरून नाव पडलेला डायाटम १९०३ मध्ये उत्तर समुद्रात प्रथम दिसला आणि १९०९ मध्ये पोर्ट एरिनला पोचला. तो जहाजांबरोबर आला असावा, असा तर्क तेव्हाच झाला होता. योगायोग असा की हर्डमन यांचे सासरे आल्फ्रेड होल्ट हे लिव्हरपूलचे मोठे जहाजमालक आणि त्यांच्या आगबोटी चीनच्याच वाटेवर चालत.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये हर्डमन यांनी जेन होल्ट यांच्याशी विवाह केला होता. नौका, केंद्रे, अध्यासने यांसाठी लागणारा पैसा बऱ्याच अंशी या घरातून आला, आणि जेन यांनी तो हौसेने दिला. त्यांचा एकुलता मुलगा जॉर्ज. तो रसायनशास्त्राचा अभ्यासक झाला आणि वडिलांच्या कामात त्याने नेमकी हवी असलेली बाजू हाती घेतली. वडील जीव मोजत होते. मुलाने बेंजामिन मूर आणि प्रिडो यांच्यासह पाणीच तपासायला घेतले. वसंतात डायाटम वाढतात तेव्हा ते पाण्यातला कार्बन डाय-ऑक्साइड वापरून टाकतात, त्यामुळे समुद्राचे पाणी अधिक अल्कधर्मी होते. हिवाळ्यात ते पुन्हा मूळपदावर येते. या फरकावरून एका वर्षात समुद्राने किती सेंद्रिय द्रव्य निर्माण केले याचा हिशेब मांडता येतो. जाळ्याची भोके, थव्यांचा पसारा, मोजणाऱ्याची नजर, या साऱ्या अडचणी येथे टळतात. तिघांचा हा निबंध १९१५ मध्ये लिव्हरपूल येथे प्रसिद्ध झाला. पुढे प्लिमथ येथे डब्ल्यू. आर. जी. ॲटकिन्स यांनी ही वाट आणखी पुढे नेली.

जॉर्ज ते पाहायला उरला नाही. १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत तो मारला गेला.

हर्डमन यांनी जाळी थांबवली नाहीत. युद्धामुळे समुद्रावर फिरणे अवघड झाले होते, माणसे कमी झाली होती. उपसागरातली नोंद मात्र चालू राहिली. त्यांनी आणि जेन यांनी मुलाच्या स्मरणार्थ लिव्हरपूल विद्यापीठात भूशास्त्राचे जॉर्ज हर्डमन अध्यासन स्थापन केले. १९१९ मध्ये समुद्रविज्ञानाच्या अध्यासनासाठीही त्यांनी देणगी दिली. त्या पदावर हर्डमन स्वतः एकच वर्ष राहिले आणि मग ते त्यांनी आपले सहकारी जेम्स जॉन्स्टन यांच्याकडे सोपवले. १९२० मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या कार्डिफ येथील अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्या भाषणात त्यांनी ‘चॅलेंजर’सारखी नवी जागतिक सागरमोहीम काढावी, असे आवाहन केले. युद्धाने रिकाम्या झालेल्या तिजोरीतून ती निघाली नाही.

पंधरा वर्षांच्या प्लवक-नोंदींचा सारांश याच सुमारास प्रसिद्ध झाला. त्यातली उणीव लपून राहण्यासारखी नव्हती. कीलच्या हान्स लोमान यांनी दाखवून दिले होते की सर्वांत सूक्ष्म जीव रेशमी जाळ्यातून सरळ निसटून जातात. अर्थात हर्डमन यांचे आकडे समुद्रातील एकूण जिवांचे नव्हतेच. ते जाळ्यात राहणाऱ्या जिवांचे होते. पण चूक दर वर्षी सारखीच होती, जाळे तेच होते, उपसागर तोच होता. म्हणून एका वर्षाशी दुसरे वर्ष ताडून पाहण्यासाठी ते आकडे कामाचे राहिले. तीन-चार वर्षांनी पद्धत सुधारण्याचा मोह त्यांना झाला असता, तर आज त्यांचा उपयोग राहिला नसता.

१९२२ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी जेन गेल्या. १९२३ मध्ये आपल्या आधीच्या समुद्रशास्त्रज्ञांची चरित्रे आणि शास्त्राची वाटचाल सांगणारा ‘फाउंडर्स ऑफ ओशनोग्राफी’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. २१ जुलै १९२४ रोजी लंडन येथे हर्डमन यांचे आकस्मिक निधन झाले. पोर्ट एरिनच्या १९०७ ते १९१४ या वर्षांतील नोंदींवर आधारलेला ‘द मरीन प्लँक्टन’ हा जॉन्स्टन, स्कॉट आणि हर्बर्ट चॅडविक यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. लिव्हरपूल विद्यापीठात पुढे जेन हर्डमन यांच्या नावाची भूशास्त्र प्रयोगशाळा उभी राहिली.

पोर्ट एरिनचे केंद्र विद्यापीठाने २००६ मध्ये बंद केले. तेथील उपसागराच्या पाण्याचे तापमान टिपण्याचा जो परिपाठ हर्डमन यांच्या काळात, १९०४ मध्ये, सुरू झाला होता, तो मात्र केंद्र बंद झाल्यावरही बेटाच्या सरकारने पुढे चालू ठेवला.